बत्तीस इंचांचं भवितव्य

सुजित शेलारांना सोमवारी दुपारपर्यंत एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, आणि शुक्रवार उजाडला तरी त्यांच्या मनाचा ठाव त्यांनाच लागत नव्हता. प्रश्न तसा साधा होता. मोठ्या पडद्याचे ऑल-इन-वन कॉम्प्युटर येत्या वर्षभरात बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात किती खपतील?

कात्रपमध्ये त्यांचं दुकान होतं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी ते उघडलं, तेव्हा आजूबाजूचे दुकानदार सुटे भाग जोडून कॉम्प्युटर विकत होते. वर एक पडदा, खाली एक डबा आणि टेबलामागे वायरींचा गुंता. सुजितनी मात्र ऑल-इन-वन धरला. त्याला वेगळा डबा नसतो. सगळा कारभार पडद्याच्याच पाठीत बसवलेला असतो आणि भिंतीकडे एकच वायर जाते. त्यातही त्यांचा जीव मोठ्या पडद्यावर. आधी सत्तावीस इंची, पुढे बत्तीस इंची. होता होता लोक त्यांना ‘मोठ्या पडद्यावाले शेलार’ म्हणू लागले. बोलण्यात ते अजिबात पटाईत नव्हते. गिऱ्हाईक आलं की मशीन चालू करून द्यायचं आणि आपण दोन पावलं बाजूला उभं राहायचं, एवढंच त्यांना जमे. पुढचं काय ते मशीन करी.

आता ही मशीन बनवणाऱ्या कंपनीने नवा नियम काढला होता. वर्षाला चोवीस मोठे पडदे उचलू असं लिहून द्या, नाहीतर एजन्सी सोडा. अंबरनाथ पश्चिमेला एक तरुण दुकानदार ती घ्यायला टपूनच बसला होता. चोवीस उचलले आणि पडून राहिले तर दुकान बसणार. नाही उचलले तर चौदा वर्षांत कमावलेली ओळख जाणार, आणि मग मोबाईलची कव्हरं विकण्यापलीकडे काही उरेल असं सुजितना वाटत नव्हतं.

कंपनीचा निरोप त्यांना दिला तो अनीशने. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला हा घाऊक व्यापारी पस्तिशीचा होता आणि वडिलांच्या गादीवर नुकताच बसला होता. सिंधी घरात वाढलेला, मराठी शेजाऱ्यांत खेळलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात सगळ्याच भाषा सुखाने नांदत.

“सुजितभाई, मी तुम्हाला फसवणार नाय,” तो म्हणाला होता. “माल अच्छा आहे. पण अच्छा माल बिकतोच, असं कोणी सांगितलं?”

“मग तुमचा अंदाज काय?”

“माझा? मैं तो बेचनेवाला हूँ, साईं. मी बोलणार, घ्या. मला विचारूच नका.” तो मोकळेपणाने हसला. “मंडे. दोन बजेपर्यंत. उसके बाद साहेब लोकांचा फोन येणार.”

सुजितनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे अनीशला कळलं नाही. सुजितनाही कळलं नव्हतं.

*

किर्ती, त्यांची मुलगी, ऐरोलीच्या एका कंपनीत बाजाराची पाहणी करण्याच्या कामाला होती. शुक्रवारी तिला घरून काम असे. तिने गेला आठवडाभर वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढून फोन लावले होते. दुपारी ती दुकानात आली, आणि वडिलांच्या समोरच्या स्टुलावर बसून तिने लॅपटॉप उघडला.

“पप्पा, एकशे बारा मशीन. चौदा वर्षांत एकशे बारा मोठे पडदे विकलेत तुम्ही. त्यातल्या नव्वद जणांशी माझं बोलणं झालं. किती जणांनी बदलला असेल, सांगा.”

“निम्म्यांनी?”

“नऊ जणांनी. बाकीच्यांचा तोच चालू आहे. एक बाई तर मला म्हणाल्या, का हो, बिघडायला हवा होता का?”

सुजितना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लगेच संकोचही वाटला.

“हसू नका. इतकी चांगली मशीन विकून तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक संपवलंय. आणि नवं कुठून येणार? मुलं लॅपटॉप घेतात. ज्यांना मोठं बघायचंय ते टीव्हीला जोडतात. प्रत्येक घरात त्रेचाळीस इंची टीव्ही आहे. तुमचा बत्तीस त्याच्यापुढे धाकटा भाऊ वाटतो.”

“टीव्ही आणि हा, एक नाही.”

“काय फरक आहे?”

सुजितनी काचेतल्या मशीनकडे पाहिलं. फरक त्यांना ठाऊक होता, पण तो शब्दांत काही येईना. “आहे फरक,” एवढंच ते म्हणाले.

“हे ‘आहे फरक’ मी तक्त्यात कुठे लिहू?” किर्ती म्हणाली. मग वडिलांचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. “पप्पा, मला वाटतं तुम्ही नाही म्हणावं. पण तुमचं दुकान आहे.”

तेवढ्यात फोन वाजला. हरिचंद्र भोपींचा होता. अंबरनाथ पश्चिमेला त्यांचं लग्नपत्रिका करून देण्याचं दुकान. सुजितचं पहिलं गिऱ्हाईक तेच.

“शेलार, तुझ्या मशीनने काल मान टाकली रे,” हरिचंद्र म्हणाले. “चौदा वर्षं चाललं, तक्रार नाही. पण वेळ बघ कशी काढली. हेंद्रेपाड्याच्या भोईरांची पत्रिका उद्या संध्याकाळी छापायला जायचीय आणि ठमाबाईंनी अजून बघितली नाही. त्यांचे गुडघे गेलेत, दुकानात येत नाहीत. तू तुझा बत्तीस इंची घेऊन उद्या अकराला त्यांच्या घरी ये. म्हातारीला पसंत पडला तर तो माझा.”

“ठमाबाईंना वाचता येतं?”

“अक्षर नाही. म्हणून तर मोठा पडदा पाहिजे.”

सुजितना याचा अर्थ लागला नाही, पण विचारायचा धीर झाला नाही. ते येतो म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, मोठा पडदा कोणाला कशाला लागतो हे एकदा डोळ्यांनी बघावं. चौदा वर्षांत मशीन पोहोचवून दिल्यावर ते कधी मागे थांबले नव्हते.

*

भोईरांचं घर पाड्याच्या मधोमध होतं. दुमजली, पुढे फरसबंद अंगण, चहूबाजूंनी नव्या इमारती. सुजित रिक्षातून खोका घेऊन उतरले तेव्हा दारात समर्थ उभा होता. ठमाबाईंचा नातू, ज्याचं लग्न होतं तो.

“काका, उगाच त्रास घेतलात,” तो म्हणाला. “मी आजीला बोललो, टीव्हीवर लावतो. कशाला पाहिजे कॉम्प्युटर?”

“लाव ना मग, बघू,” आतून हरिचंद्रांचा आवाज आला.

समर्थने मोबाईलवरून पत्रिका टीव्हीवर आणली. टीव्ही शोकेसच्या वर, छताच्या जवळ ठोकलेला होता. पत्रिका दिसली, पण कडेच्या नावांची शेवटची अक्षरं पडद्याबाहेर गेली होती. ठमाबाई खुर्चीवरून उठल्या, शोकेसपर्यंत गेल्या आणि हात वर केला. हात टीव्हीच्या एक वीत खाली राहिला.

“मी काय शिडी लावू?” त्या म्हणाल्या.

“आजी, बघायचंय ना फक्त!”

“बघून काय करू? मना काय वाचता येतं? हात लागला पायजे माजा.” त्या सुजितकडे वळल्या. “तू काय आनलास ते मांड रं बाला.”

सुजितनी जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवलं, प्लग लावला आणि बटण दाबलं. चार मिनिटांत पत्रिका पडद्यावर होती. पूर्ण पान, वरच्या गणपतीपासून तळाच्या स्थळापर्यंत, एकाच वेळी. ठमाबाई समोर बसल्या आणि त्यांनी पदराखालून टिकल्यांचं एक नवं पाकीट काढलं.

मग हरिचंद्रांनी सुजितना हळू आवाजात समजावलं. इकडच्या पाड्यांतल्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावं चार ओळींत संपतात. खरी पत्रिका त्याच्या खाली असते, भावकीची. प्रत्येक घराची एक ओळ. एखादं घर राहिलं तर त्या घराचा माणूस लग्नाला येत नाही, हळदीला येत नाही, आणि पुढे दोन पिढ्या ती गोष्ट निघते. म्हणून छापायच्या आधी घरातलं मोठं माणूस पत्रिका ऐकतं. ठमाबाईंच्या सासूबाई घरागणिक एक सुपारी मांडायच्या. ठमाबाई पडद्यावर टिकली लावतात. नाव ऐकलं, घर आठवलं, ओळीवर टिकली. सगळ्या टिकल्या लागल्या की पत्रिका छापायची.

“एक्केचालीस घरं,” ठमाबाई म्हणाल्या. “कमी नाय, जास्त नाय. वाच रं समर्थ. घाई करू नको, तुजाच लगीन हाय.”

समर्थ वाचू लागला. एक नाव, एक टिकली. ठमाबाई टिकली अंगठ्याने घट्ट दाबत. मधूनच थांबून एखाद्या घराविषयी काही बोलत. “ह्याची सून लई गुणाची.” “ह्यांनी आमच्या हलदीत दोन दिस पानी भरला व्हता.” समर्थ कंटाळून मोबाईलकडे बघे, पुन्हा पडद्याकडे वळे, बोटाने ओळ शोधे आणि वाचे. सुजित आपल्या सवयीप्रमाणे बाजूला उभे होते. त्यांच्या मनात आलं, किर्तीला हे दाखवायला हवं होतं. हाच तो फरक. अख्खं पान एका नजरेत, आणि हाताच्या अंतरावर.

शेवटची टिकली लागली. ठमाबाईंनी एकेक टिकली मोजली. एक्केचाळीस.

“झाली,” त्या म्हणाल्या. “छाप रं हरी.”

हरिचंद्र खूश झाले. “बघ शेलार, हिने पसंत केला. मशीन इथंच ठेवून जा, मी दुकानात नेतो.”

सुजितची नजर पडद्यावर खिळली होती. वरच्या टिकल्या ओळींवर नव्हत्या. त्या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत होत्या. खालच्या बरोबर ओळींवर होत्या. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या कानात राहिली होती. दौलतराव हे नाव त्यांनी दोनदा ऐकलं होतं. एकदा चौदाव्या-पंधराव्या टिकलीला, आणि परत थोड्या वेळाने.

काय झालं असेल, ते त्यांना कळलं. हा नवा बत्तीस इंची बोटाने चालणारा होता. काचेवर बोट दाबलं की पान सरकतं. हरिचंद्रांच्या जुन्या मशीनला ते येत नव्हतं. कंपनी सांगत होती की पुढचा जमाना याचाच आहे, आणि सुजित तेच चार गिऱ्हाइकांना सांगत आले होते. ठमाबाईंच्या अंगठ्याने पान सरकलं होतं, पण टिकल्या काचेवर जिथल्या तिथं. मोबाईलमधून मान वर काढलेल्या समर्थची ओळ चुकली असणार.

पण खरंच तसं झालं होतं का? भावकीत दोन दौलतराव असूही शकतात. आपण ऐकण्यात चूक केली असेल. आणि नसेल केली तरी बोलायचं म्हणजे काय, तर माझ्या मशीनमुळे तुमची मोजणी चुकली. मशीन विकलं गेलं होतं. गेल्या पाच महिन्यांतलं पहिलं. सोमवारी अनीशसमोर बसताना तेवढाच एक आकडा हाताशी होता. सुजितनी खोक्याचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“आजी,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “दौलतराव दोन आहेत का?”

“दोन? एकच हाय. एकानंच सगल्यांचा डोका खाल्लाय, दोन कशाला?”

समर्थ हसला, पण ठमाबाई हसल्या नाहीत. “का रं विचारलास?”

“दोनदा वाचलं गेलं असं मला वाटलं. चुकतही असेन मी.” मग एकदम धीर करून त्यांनी सांगून टाकलं. “मशीनची चूक आहे, आजी. हात लागला की पान सरकतं यात. टिकल्या राहिल्या, पान खाली गेलं.”

सगळे पडद्याजवळ आले. हरिचंद्रांनी चष्मा पुसून पाहिलं. वरची टिकली कुठल्याच ओळीची नव्हती.

“मग बंद कर ना त्याचा हात,” ठमाबाई म्हणाल्या.

तेवढं करता येत होतं. सुजितनी सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श बंद केला, स्वतः अंगठा दाबून पाहिला, पान हललं नाही. ठमाबाईंनी एक्केचाळीस टिकल्या एकेक करून काढल्या आणि मनगटावर लावून ठेवल्या. समर्थने मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. या वेळी त्याचा आवाज सावकाश होता.

शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा ठमाबाईंच्या मनगटावर एक टिकली उरली होती.

“कनचा घर राहिला?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. डोळे मिटून त्या पाड्यातून मनानेच चालत निघाल्या, तळ्यापासून देवळापर्यंत, बोटांवर घरं मोजत. देवळापाशी त्या थांबल्या. “बुधाजी,” त्या म्हणाल्या. “बुधाजीचा घर नाय.”

मग हरिचंद्रांनी कपाळावर हात मारून घेतला.

“माझी चूक,” ते म्हणाले. “समर्थच्या मोठ्या भावाच्या लग्नाची फाईल होती माझ्याकडे. तीच उघडली, नवरा-नवरी बदलली, तारीख बदलली. भावकी तशीच ठेवली.”

समर्थने सुजितना सांगितलं. पाच वर्षांपूर्वी, भावाच्या लग्नात, बुधाजीचं नाव मुद्दाम गाळलं होतं. बांधावरून भांडण होतं. मागच्या गौरीला ते मिटलं. आजी स्वतः काठी टेकत त्यांच्या दारात गेली होती.

“ह्या वेलेला पन नाव नसता,” ठमाबाई म्हणाल्या, “तं त्याला वाटला असता, ठमीनं तोंडावर गोड बोलून पाटीत सुरी मारली. मी मेली असती तरी खांद्याला आला नसता तो.” त्यांनी मनगटावरची टिकली काढली, पण लावायला ओळच नव्हती. “लिव हरी. हितंच लिव. माज्यासमोर.”

हरिचंद्रांनी टेबलाशी उभं राहूनच ओळ टाईप केली. टिकली लागली.

*

चहा अंगणात झाला. हरिचंद्रांनी बशीत चहा ओतला, प्याले, आणि मग सुजितकडे न बघता बोलले.

“शेलार, राग नको मानू. मी मशीन घेत नाही.”

“स्पर्श बंद राहील हो कायमचा. मी करून देतो.”

“ते नाही रे. मी मघापासून विचार करतोय. पूर्वी हंगामात ऐंशी पत्रिका व्हायच्या. आता तीस. बाकीचे मोबाईलवर फिरवतात. माझं टायपिंग सगळं लॅपटॉपवर चालतं. मोठा पडदा मला वर्षातून तीस वेळा लागतो, तोही तासभर. तेवढ्यासाठी कोण घेतं?”

“खरं आहे,” सुजित म्हणाले.

“पण तो तासभर दुसऱ्या कशावरही भागत नाही, हेही खरं. बघितलंस तू.” हरिचंद्रांनी बशी खाली ठेवली. “तू असाच घेऊन येत जा. खोक्यातून काढायचा, प्लग लावायचा. तुझ्या येण्याजाण्याचं काय ते घे. मी एकटा नाही, कुळगावचा पत्रिकावाला आहे, अंबरनाथचे दोघे आहेत. सगळ्यांच्या म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत.”

समर्थ दारातून म्हणाला, “काका, माझ्या बहिणीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आहे. बिल्डरने प्लॅन मोबाईलवर पाठवलाय. छत्तीस मेंबर, एकाला कळत नाही आपला फ्लॅट कुठला. तिथं आणाल का एक संध्याकाळ?”

सुजितनी मान हलवली. विक्री हातची गेली होती, आणि तरी त्यांना वाईट का वाटत नाही, याचा ते परतीच्या रिक्षात खोका मांडीवर धरून विचार करत राहिले.

रविवारी त्यांनी किर्तीला सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत मधे बोलली नाही, हेच मोठं.

“पप्पा, पण हे तुमच्या बाजूचं झालं नाही. माझ्या बाजूचं झालं. लोकांना मोठा पडदा लागतो, पण तो आपल्या घरी ठेवायला नको आहे. चोवीस कधीच जाणार नाहीत.”

“हो,” सुजित म्हणाले. “तुझा तक्ता बरोबर होता.”

तिला हे अपेक्षित नव्हतं. “मग एजन्सी?”

“जाईल.”

“आणि तुम्हाला चालेल?”

“माहीत नाही गं. चालवून बघतो.” मग ते म्हणाले, “फरक काय, ते आता सांगता येईल मला. टीव्हीला हात पोहोचत नाही. लॅपटॉपवर पान मावत नाही. आणि डबा-वायरी घेऊन कोणी कोणाच्या घरी जात नाही.”

किर्तीने लॅपटॉप ओढून घेतला. “परत सांगा. सावकाश. लिहून घेते.”

*

सोमवारी साडेबाराला सुजित कॅम्प तीनमध्ये पोहोचले. अनीश फोनवर होता. हाताने त्याने बसायची खूण केली, पण सुजित उभेच राहिले. बसलं तर बोलायचं राहून जाईल अशी त्यांना भीती वाटली.

“बोला सुजितभाई. चोवीस?”

“सहा.”

“सहाचा प्लॅनच नाय.”

“माहीत आहे. एजन्सी अंबरनाथला देऊन टाका. मला फक्त सहा द्या. आणि नवे नकोत. तुमच्या गोडाऊनमध्ये मागच्या मॉडेलचे बत्तीस इंची पडलेत, काचेला हात लावला तरी काही न होणारे. ते.”

अनीशने फोन टेबलावर ठेवला. “पुराना माल लोक मला गळ्यात मारतात. तुम्ही मागून घेताय? बेचोगे किसको?”

“विकणार नाही.”

मग सुजितनी सांगितलं. अडखळत सांगितलं, मधेच बुधाजीकडे गेले, परत टिकल्यांवर आले, बिल्डिंगचा प्लॅन आधी आणि पत्रिका नंतर असं उलटसुलट झालं. बोलता बोलता त्यांना वाटलं की हे सगळं फारच किरकोळ आहे, आणि कॅम्प तीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माल हलवणाऱ्या घराण्याच्या पेढीवर उभं राहून आपण टिकल्यांची गोष्ट सांगतोय. पण सुरुवात केली होती, तेव्हा शेवटपर्यंत गेले.

अनीश ऐकत होता. “म्हणजे मशीन तुमची, घर त्यांचं, एक घंटा, आणि परत खोक्यात.”

“हो.”

“चलेगा?”

“सांगता येत नाही. सहांना पुरेल एवढं तरी काम आहे. त्याच्या पुढचं मला दिसत नाही.”

“चौदा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही आमच्या पेढीवर आकडा बोललात, साईं. नाहीतर नुसती मान हलवून जाता.” अनीशने ड्रॉवरमधून एजन्सी सोडल्याचा कागद काढला आणि पुढे सरकवला. “एक सांगू? चोवीस अंबरनाथवाल्याकडूनही जाणार नाय. पुढच्या साली रडत माझ्याकडे येणार.”

सुजितचा हात पेनावर थांबला. “मग त्याला सांगा ना.”

“मी सांगू?” अनीश हसायला लागला, पण सुजित हसत नाहीत हे पाहून थांबला. त्याने कानामागे खाजवलं. “ठीक है. बारा बोलून बघतो वरती त्याच्यासाठी. मानले तर मानले.”

सुजितनी सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं.

“दुकानावरचा एजन्सीचा बोर्ड न्यायला बुधवारी माणूस येईल कंपनीचा,” अनीश म्हणाला.

“येऊ दे. स्क्रू मात्र राहू दे म्हणावं. ते माझे आहेत.”

गोडाऊनमधून सहा खोके खाली येईपर्यंत अर्धा तास गेला. खोक्यांवर धूळ होती. सुजितनी प्रत्येक खोका उघडून मशीन चालू करून पाहिलं आणि पडद्यावर अंगठा दाबला. सहाही पडदे स्तब्ध राहिले. टेम्पोवाला घाई करत होता, तरी त्यांनी सहावंही तपासलं.

खोके टेम्पोत चढत असताना त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“मोठ्या पडद्यावाले शेलार ना?” एक बाई विचारत होत्या. “मी स्वप्नाली म्हात्रे बोलते, अंबरनाथवरून. ठमाबाई माझी मावससासू. त्यांनी नंबर दिला. आमच्या सासऱ्यांना पत्रिका ऐकवायचीय. छप्पन्न घरं आहेत. तुम्ही घरी आणता म्हणे?”

“आणतो,” सुजित म्हणाले, आणि रस्त्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, “आणतो. कितवा मजला?”

“पाचवा.”

“लिफ्ट आहे?”

“आहे, पण सोसायटीत पाण्यावरून आणि लाईटबिलावरून भांडण चाललंय, त्यामुळे लिफ्ट चार ते सहाच चालू ठेवतात.”

सुजितनी टेम्पोतल्या खोक्यांकडे पाहिलं. एकेक अकरा किलोचा होता.

“मग उद्या चारला येतो,” ते म्हणाले. “सासऱ्यांना सांगा, सावकाश ऐकायचं. मला सहाच्या आत उतरायचंय फक्त.”